हिंदुरावाची शेंगापोळी

॥ श्री ॥
सोलापूर, ता. १९ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप सोजरअक्का यांचे सेवेशी,

बालके हिंदुरावाचा शि. सा. न. वि. वि.

इकडील क्षेम. म्हणजे आता कुठे क्षेम असे लिहायला धीर होतो. प्रभाचा ताप एकतिसाव्या दिवशी उतरला. विषमज्वरच होता असे डॉक्टर म्हणाले. ताप गेला, पण माणूस अर्धे घेऊन गेला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. दोन महिने तिला गाडीत बसवायचे नाही आणि दर दोन तासांनी काहीतरी हलके पोटात गेले पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. माझे काम झाले मास्तर, आता उरलेले तुमच्या चुलीने करायचे, असे म्हणून ते गेले.

आणि अक्का, आमची चूल महिनाभर थंड आहे. खाणावळीचा डबा येतो. त्यातला भात टाचणीसारखा ताठ आणि आमटीवर लाल तवंग. प्रभा भिंतीकडे तोंड फिरवते. काल दिवसभरात दोन घोट दूध गेले, तेवढेच.

त्यात आईचे पत्र आले. बाप्या माणसाने चुलीपुढे बसणे आपल्या घराण्यात नाही, सुनेला माहेरी धाड, असे तिने लिहवले आहे. प्रभाला आईवडील नाहीत. चुलत्याच्या घरी तिचे कोण करणार, हे आईला ठाऊक नाही असे थोडेच आहे? पुढे लिहिते की तीन वर्षांत पाळणा हलला नाही, आता सूनही खाटेला खिळली. माळशिरसच्या पाहुण्यांची मुलगी बघून ठेवली आहे, संक्रांतीला येऊन तुझे मन घेते. हे पत्र मी प्रभाला दाखवलेले नाही.

मी ठरवले आहे की स्वयंपाक मीच करणार. काल पेज केली. पातेल्याच्या बुडाला कोळसा आणि वर पाणी, असा पदार्थ झाला. शाळेत हेडमास्तरांनी माझ्या कोटाचा वास घेऊन विचारले की कुठे आग विझवायला गेला होतात काय. तेव्हा तांदूळ किती, पाणी किती, जाळ केवढा, सगळे अंकगणिताच्या पुस्तकासारखे लिहून पाठवावे. आईला इतक्यात कळू नये.

दाजींना नमस्कार. तुमची माया आहे म्हणून हे धाडस. ती कमी पडू देऊ नये, ही विनंती.

आपला,
हिंदुराव


॥ श्री ॥
नातेपुते, ता. २४ नोव्हेंबर १९३३

चिरंजीव हिंदुराव यास अ. उ. आ.

लेखक मानसिंगराव. तुझी अक्का चुलीपुढून सांगते आहे आणि मी उंबऱ्यावर बसून लिहितो आहे. एक अक्षर बदलायचे नाही अशी ताकीद आहे, आणि शेवटी वाचून दाखवावे लागते. तेव्हा खालचे सगळे तिचे.

हिंदुराव, लेका, आदी घाबरू नगंस. मूठभर तांदूळ घे. जुना घे, नवा चिकाट हुतुया. कोरड्या तव्यावर गुलाबी हुस्तवर भाज आन् जाडाभरडा कर. त्याला आठ वाट्या पानी. पानी उकळलं की लाकडं मागं वड. तुज्या जाळाची मला हितनं कल्पना हाय. जाळ मोठा केलास की बूड करपतंय आन् वरचं कच्चं ऱ्हातंय. शीत बोटात दाबलं की इरगळलं पायजे. मग मीट, चिमूटभर जिरं. गाळून कोमट दे. दोन चमचं पिली तरी लई झालं म्हन. आजारी मानसाच्या मागं लागायचं न्हाय. वाटी हाताशी ठेवायची आन् गप बसायचं, जमंल का तुला? मास्तर हायेस म्हनून इचारते.

पेज पचली की मुगाचं कढण. मग मऊ भात. भाकरी तुला येनार न्हाय, पर करून बग.

आईचं मला नगं सांगूस. मी तिला तुज्या आदीपासनं वळकते. संक्रांतीला दीड म्हैना हाय. तंवर त्या पोरीच्या अंगावर मांस चढीव, मंग बगू कोन कुनाचं मन घेतंय.

शेवटचे वाक्य सासूबाईंबद्दल असल्याने मी गाळणार होतो. वाचून दाखवताना पकडला गेलो.

प्रभाला आशीर्वाद. आमच्याकडे लोभाची टंचाई नाही, हक्काने मागत जावा.

तुझे,
सोजरअक्का आणि मानसिंगराव


॥ श्री ॥
सोलापूर, ता. १३ डिसेंबर १९३३

तीर्थस्वरूप अक्का व दाजी यांचे सेवेशी,

हिंदुरावाचा सा. न. वि. वि.

पेज साधली! चौथ्या खेपेला. पहिल्या तीन पातेल्यांची बुडे राख लावून घासता घासता माझी नखे गेली. चौथ्या दिवशी वाटी हाताशी ठेवली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. किती कठीण ते! प्रभा बराच वेळ माझ्या काळ्या हातांकडे बघत होती. मग तिने आपण होऊन वाटी उचलली. सगळी संपवली आणि आणखी आहे का म्हणून विचारले. अक्का, मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही मी इतका हुरळलो नव्हतो.

आता मला एक गुरूही मिळाल्या आहेत. शेजारच्या गुरम्मा. त्या लिंगायत, आमच्या घरात मटण शिजते, म्हणून त्या आत पाऊल टाकत नाहीत. पण उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सगळी चूल चालवतात. मी पाणी ओतू लागलो की साकु साकु, म्हणजे पुरे पुरे, असे ओरडतात. भाकरी थापतो तेव्हा मात्र तोंडाला पदर लावून हसतात. माझ्या भाकरीला हिंदुस्थानच्या नकाशासारखे किनारे असतात. प्रभाही हसते. तीन आठवड्यांपूर्वी तिला हसायला ताकद नव्हती.

शाळेत बातमी फुटली. मास्तरमंडळी मला वहिनी म्हणू लागली. परवा मी डब्यातला गुळाचा सांजा सगळ्यांपुढे ठेवला. डबा निपटल्यावर एकानेही वहिनी म्हटले नाही, उलट दोघांनी रवा किती भाजायचा ते विचारून घेतले.

आता अडचण. प्रभाला शेंगापोळी खावीशी वाटते. तिची आई संक्रांतीला करायची. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत थांबा, मग खुशाल. मी आतापासूनच सराव म्हणून दोनदा केली. तव्यावर पोळी फाटते, गूळ बाहेर येऊन जळतो आणि घरात धूर होतो. आईने भोगीलाच येते म्हणून कळवले आहे. तिच्यापुढे काय करू? त्या दिवशी पुन्हा खाणावळीचा डबा मागवावा की काय, असे मनात येते.

उत्तराची वाट पाहतो आहे. लेकरावर नजर असावी.

आपला,
हिंदुराव


॥ श्री ॥
नातेपुते, ता. २१ डिसेंबर १९३३

चिरंजीव हिंदुराव यास अ. उ. आ.

आपल्या पेठेतले गुरप्पा व्यापारी सोलापूरला येत आहेत. त्यांच्याजवळ नव्या शेंगा आणि गुऱ्हाळावरचा गूळ दिला आहे. पुढे तुझी अक्का.

दानं मंद जाळावर भाज आन् गार झाल्यावर साल काड. कुटताना हात आवर, लई कुटलं की त्याल सुटून गोळा हुतुया. गूळ किसून घे की रं! खडा ऱ्हायला की तितंच पोळी फाटती. त्योच तुजा घोटाळा हाय, मला हितनं दिसतुया. वेलदोडा घाल. कनीक घट्ट नगं, सारनाएवढीच मऊ ठेव. लाटताना सारन पार कडंला गेलं पायजे, कोरडी कड मानसानं ताटात टाकली तर ती करनाऱ्याची लाज.

आन् डबा मागवायचं नाव काडलंस तर माजा भाऊ न्हवंस. आईम्होरं चुलीपाशी बस. चोरी केलीस व्हय? बायकूला जगवलंस. तोंड लपवू नगंस.

मी काही बदललेले नाही. माझेही मत तेच आहे. मला स्वतःला पाण्याचा तांब्या भरून घेता येत नाही, हेही इथे कबूल करतो. उभयतांस आशीर्वाद, आठवण राहू द्यावी.

सोजरअक्का, मानसिंगराव


॥ श्री ॥
सोलापूर, ता. १८ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप सोजरवन्सं यांना,

प्रभाचा त्रिवार नमस्कार.

आजारानंतर हे माझे पहिलेच पत्र. हात अजून थोडा कापतो, अक्षराला हसू नये. ह्यांनी लिहितो म्हटले, पण हे मलाच लिहायचे होते.

आत्याबाई भोगीला सकाळीच आल्या. पंढरपूरपर्यंत मोटार, मग कुर्डुवाडीवरून गाडी, सगळ्या प्रवासाने शिणलेल्या. दारात आल्या तर आपला मुलगा बाह्या वर सारून, कपाळाला पीठ लावून पोळी लाटतो आहे. त्या तशाच उभ्या राहिल्या. पाणी दिले ते घेतले नाही. भिंतीला टेकून बसल्या आणि आमच्या दोघांकडे पाठ केली.

ह्यांचे लक्ष आईकडे गेले. पहिली पोळी फाटली. मला वाटले, आता हे उठतात. पण उठले नाहीत. तवा पुसला, दुसरी घातली. ती टम्म फुगली. तूप सोडून ह्यांनी ते ताट आधी माझ्यापुढे ठेवले, आईच्या देखत! मी लाजेने मान वर केली नाही, पण पोळी खाल्ली. कडेसकट. मग दुसरी मागितली.

दुसरी मागितली तेव्हा आत्याबाई वळल्या. माझ्याजवळ आल्या, माझे मनगट धरले, बांगडी वर ढकलून बघितली. बांगडी सरकली नाही. त्यांनी विचारले की हे सगळं कुनी केलं. ह्यांनी सांगितले की आई, मी केलं, अक्कानं शिकवलं.

वन्सं, मग त्या बोलल्या ते तुम्हालाही ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. ह्यांच्या वेळी त्यांना बाळंतरोग झाला होता. अंगात ताप असताना नवव्या दिवशी त्या उठल्या आणि पंधरा माणसांच्या भाकरी थापल्या. चुलीपुढेच दोनदा पडल्या. मामंजी ओसरीवर होते. म्हणाल्या, त्येंनी पेजंची वाटी आनून दिली असती, तर मी जल्मभर त्येंच्या पायाचं पानी पिलं असतं. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या की बापासारका झाला न्हाईस, बरं झालं. वाड मला.

तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी. गूळ किती घातलास, तेही विचारले.

जेवण झाल्यावर माळशिरसच्या पाहुण्यांना नकाराचे पत्र त्यांनी ह्यांच्याकडून लिहवून घेतले आणि स्वतः अंगठा केला. ह्यांना वाटते, मला त्या मुलीचे काही माहीत नव्हते. वन्सं, आत्याबाईंचे पहिले पत्र मी तेव्हाच वाचले होते. ते इतिहासाच्या पुस्तकात ठेवलेले सापडले. मी तोंड फिरवत होते ते डब्याच्या वासाने नव्हे. आपण गेलो तर ह्यांचा संसार तरी मार्गी लागेल, असे मनात धरले होते. मग हे रोज पातेले करपवू लागले आणि ओट्यावर बसून राखेने घासू लागले. तिसऱ्या दिवशी वाटले, जो माणूस माझ्यासाठी नखे झिजवतो, त्याला एकटे टाकून जाण्याचा मला काय अधिकार? चौथ्या दिवशी मी वाटी उचलली. हे ह्यांना मी सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

संक्रांतीला आम्ही तिघे गड्ड्याच्या जत्रेत गेलो. मी पायी गेले आणि पायी आले. गुरम्मांना आत्याबाईंनी उंबऱ्यावरच ओवाळले.

काल त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो होतो. ह्यांनी केलेल्या चौदा पोळ्या त्यांनी फडक्यात बांधून मांडीवर घेतल्या होत्या. डब्यातल्या एका बाईने विचारले की सुनेनं केल्या का. गाडी हलली होती तरी आम्हाला ऐकू आले, इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या की न्हाय, माज्या ल्योकानं केल्यात, गावात वाटायला न्हेतीया! सगळा डबा आमच्याकडे वळून बघू लागला. हे लाजून माझ्यामागे झाले, आणि मी मात्र ताठ उभी राहिले.

तुमची माया अशीच आमच्या घरावर राहो. दाजींना माझा नमस्कार सांगावा.

आपली,
सौ. प्रभा