धरलेला झोका

आई, तुझ्या झोक्याच्या जोरावर मला सध्या पगार मिळतो, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. कोपरखैरण्याच्या आपल्या जुन्या घरी, ओटीवरच्या वाशाला दोर बांधून तू झोका करायचीस. मला मागे उंच ओढायचीस आणि तसंच धरून ठेवायचीस. मी ओरडतेय, पाय झाडतेय, आणि तू खुशाल शेजारणीशी बोलतेयस. मग एकदम सोडायचीस आणि मी झोक्यासकट थेट अंगणावर झेपावायचे. एकदा भावाला झोका देताना मी त्याला धरूनच बसले, तर तू मासळीच्या हातांनी स्वयंपाकघरातून ओरडलीस, "गो बाय, धरूनच ठेवशील त झोका जाल कवा?"

आता मी समुद्राच्या लाटांपासून वीज करणाऱ्या फ्लोटवर काम करते. तो पाण्यावर तरंगतो, लाटेबरोबर वरखाली होतो आणि त्या हलण्यातून वीज निघते. पण गडी उतावळा. लाटेच्या आधीच धावतो आणि बराचसा जोर वाया घालवतो. म्हणून वर गेला की ब्रेक लावून त्याला जरा अडवायचं, लाट पुरेशी उतरू द्यायची, मग सोडायचं. तेवढ्यानं वीज चांगली वाढते. किती वेळ धरायचं, हे ठरवणं माझं काम. जास्त धरलं तर लाट खालून निघून जाते आणि तो जागच्या जागी लटकून राहतो.

महापेच्या लॅबमधल्या टाकीत हे जमलं, कारण तिथल्या लाटा आम्हीच करतो. आता फ्लोट रत्नागिरीकडे खऱ्या समुद्रात जाणार, आणि तिथली लाट सांगून येत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हीच चला. पावसाळ्यापर्यंत राहावं लागेल. उद्यापर्यंत सांगा, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणे! लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेल्यापासून ते माझ्याच हातून जेवतात. नावड्याला राहणाऱ्या भावाला फोन केला, तर म्हणतो, "ताई, माझी शिफ्ट असते. तू हायस ना तिकडं, मग झालं." मी आहे ना. एवढ्यावर माझी चाळिशी उलटली. कधी कधी त्यांना पेज भरवताना असा जीव गुदमरतो, की चमचा टाकून निघून जावंसं वाटतं. मग मी त्यांचं तोंड पुसते.

बाबांनी मला अडकवलंय, हेच लिहायला आज बसले होते. सगळ्यांना तसंच सांगत आले. पण फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. काल दुपारी डाव्या हातानं चमचा बाजूला सारून, वाकड्या तोंडानं पण अगदी स्पष्ट म्हणाले, "तू जा गो. मी डाव्या हातान खाईन. भावाला तुज्या मी बोलावतो."

आई, मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. इतकी वर्षं सुटायचं सुटायचं म्हणत होते, आणि सुटून कसं राहायचं ते मला ठाऊकच नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि चमचा परत त्यांच्या ओठांना लावला.