आठव्या चौकटीतला मी

३ मे, सकाळ
न्यूज चॅनेलवरून फोन. निकालाच्या रात्री चर्चेला बोलावलंय, राजकीय विश्लेषक म्हणून. पडद्यावर आठ चौकटी असणार, आठवी माझी. आपल्या पंपांच्या दुकानाच्या जाहिरातीचा त्याच चॅनेलशी करार आज दुपारीच पुन्हा वर्षभरासाठी व्हायचाय, हा निव्वळ योगायोग.
निश्चय: कुणालाही सांगायचं नाही.

३ मे, संध्याकाळ
दुकानात सांगितलं. समोरच्या केमिस्टला सांगितलं, कारण तो विचारणारच होता. मुलीच्या सासऱ्यांना फोन केला. निवृत्त प्राध्यापक. चारचौघांत 'आमचे पंपवाले व्याही' अशी माझी ओळख करून देतात. म्हणाले, अरे वा, पंपांवर चर्चा आहे का? मी मोठ्याने हसलो. माणसाने खिलाडू असावं. पण त्यांच्या तोंडून 'विश्लेषक' हा शब्द वदवून घेतला नाही, तर नाव नाही लावणार.

७ मे
अंदाज पक्का. सत्ताधारी पडणार. लोक सर्व्हे करतात, मी ऐकतो. बंद दाराआडची मोटर ऐकून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, ते सांगत आलोय. त्याच जोरावर हातगाडीवरून दुकानात आलो. हल्ली गिऱ्हाइकाच्या आवाजात मला सरकार घरघरताना ऐकू येतं.
सौ. म्हणाली, लोक तुमच्याकडे येतात ते पंप बिघडल्यावर. ते सरकारबद्दल चांगलं कशाला बोलतील?
राजकारण हा तिचा प्रांत नाही.

११ मे
स्टुडिओत तालीम. कपाटाएवढी खोली, काळा पडदा, स्टूल, कॅमेरा. कॅमेरामन अदबशीर. म्हणाला, सर, लाइट बघतोय, जरा होकारार्थी मान हलवत राहा. मग नकारार्थी. मग, ऐकता ऐकता मंद हसा. बराच वेळ लाइट बघत होता. काम चोख. निघताना म्हणाला, तुमच्यासारखं ऐकणारा माणूस आजवर पाहिला नाही. म्हणजे कानांची कीर्ती तिथवर पोचलीय.
नवा लाल टाय आज घातला नाही. निकालासाठी राखून ठेवलाय.

१४ मे, निकाल, संध्याकाळी सहा
लाल टाय. कपाटात बसलोय, वही मांडीवर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. कानात यंत्र. त्यातून अँकर ओरडतो आणि मधूनमधून कंट्रोल रूम बोलते. आत्ताच कुणीतरी म्हणालं, आठ नंबर चालू ठेवा, मस्त चाललाय. अजून तोंडही उघडलं नव्हतं.

सात
सत्ताधारी पुढे. मोजणी आज उशिरा सुरू झालीय. मी हस्तक्षेप केला. पहिल्या फेऱ्या म्हणजे नुकती चालू केलेली मोटर, त्या आवाजावर जाऊ नका, असं सुनावलं. बाकीचे सातजण एकमेकांचं बोलणं तोडतात. माझं कुणी तोडलं नाही. वजन म्हणतात ते हे.

नऊ
सत्ताधारी फारच पुढे. मी ठाम. टेबल नव्हतं, मांडीवर हात आपटला. अँकर मला प्रश्न विचारायचं टाळतोय. घाबरलाय.

दहा
सत्ताधारी दणदणीत. माझा अंदाज चुकलेला नाही, मतदार चुकलाय. हे कॅमेऱ्यात रोखून बघत सांगितलं. व्याही बघत असणार. बघू देत.
तरी उद्या मोबाइल बंद ठेवावा.

१५ मे
मोबाइल बंद करायच्या आत व्याह्यांचा फोन. म्हणाले, काल तुम्हाला मानलं बुवा. बाकीचे सातजण कोंबड्यांसारखे भांडत होते, तुम्ही शांत. अँकर म्हणाला सत्ताधारी परत येणार, तुम्ही मान डोलावलीत. विरोधी नेत्याला रडू फुटलं, तुम्ही मंद हसलात. खरा विश्लेषक असाच असतो.
शब्द आला. पण विरोधी नेते रडत होते तेव्हा मी मांडीवर हात आपटत होतो.
सौ.ने चहा ठेवता ठेवता विचारलं, अहो, तो टाय रस्त्यातच काढलात का? टीव्हीवर नव्हता.
चॅनेलला जाब विचारला. तिथल्या बाई म्हणाल्या, सर, आठव्या चौकटीला आवाज देतच नाही आम्ही. आणि तालमीचं रेकॉर्डिंग लावतो, म्हणजे ऐन वेळी पाहुणा जांभई देत नाही.
मी जांभई देणाऱ्यांतला नाही, असं ठणकावलं. उद्या व्याह्यांकडे जाऊन खरं काय ते सांगणार. पंपवाला तर पंपवाला.

१६ मे
गेलो. त्यांचे चार मित्र बसले होते. व्याह्यांनी ओळख करून दिली, हे आमचे व्याही, राजकीय विश्लेषक. निकाल यांना आधीच कळला होता. हो ना?
मी मान डोलावली.
खोलीत लाइट चांगला होता.

२० नोव्हेंबर, पोटनिवडणूक
चॅनेलच्या बाईंचा फोन. आज तुम्ही आठव्या चौकटीत आहात, पण यायची तसदी नको, आमच्याकडे तुम्ही आहातच. मी म्हटलं, येणार म्हणजे येणार, आणि या वेळी बोलणार. त्या म्हणाल्या, सर, त्या खोलीत आता झेरॉक्स मशीन आहे.
ठीक. घरून लढू. अंदाज तोच, सत्ताधारी पडणार.

रात्री नऊ
पडले. साफ पडले. सोफ्यावरून उठून सांगितलं, बघ, मी काय म्हणत होतो. माझे कान.
सौ. पडद्याकडे बघत होती. अँकर सत्ताधाऱ्यांचा पराभव जाहीर करत होता आणि आठव्या चौकटीत मी, बिनटायचा, ठामपणे नकारार्थी मान हलवत होतो.
सौ.चा मोबाइल वाजला. व्याही. एवढ्या मोठ्याने बोलत होते की मला सोफ्यावर ऐकू आलं. विश्लेषकांना सांगा, आज सपशेल चुकले म्हणावं.
ती म्हणाली, सांगते हं, स्टुडिओतून आले की.
आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.