जुन्यावर नवं चढवताना

३ नोव्हें. ९३
नव्या मराठी प्रोग्रामाच्या फुकट फ्लॉपीचा खरा हिशेब: औरंगाबादचं जाऊन-येऊन एसटीचं भाडं, दोन वेळचं बाहेरचं खाणं, दिवसभर शटर खाली. शिवाय देवगाव फाट्याच्या पाहुण्यांची लग्नपत्रिका समोरच्या रऊफभाईच्या प्रेसला गेली. विकणारा पोरगा म्हणाला, "काका, महिनाभर फुकट वापरा, आवडलं तर घ्या." फुकट म्हणे.
पण अक्षर देखणं आहे. माझ्या जुन्या मराठी प्रोग्रामात जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. विचारलं, नवं टाकल्यावर जुनं राहील ना? "जुनं कशाला ठेवता, काका?" आता याला काय सांगावं. आजवरची सगळी कामं त्यात आहेत.
हॉटेलात बोलून बसलो: दोन्ही एकाच मशीनवर नांदवून दाखवतो, परभणीत अजून कुणी केलं नाही. रऊफभाई बशीत चहा फुंकत हसला. हसू दे.

५ नोव्हें.
खिल्लारे गुरुजी त्यांच्या आईला घेऊन आले, पिंगळीहून, रेल्वेनं. आई खुर्चीत बसत नाही. बाकावर मांडी, डोळे मिटून, एक हात मांडीवर ताल धरायला. तिचे मालक आंबेडकरी जलशात गायचे, गाणी स्वतः रचायचे. ७८ ला नामांतराच्या दंगलीत घर पेटवलं, वह्या त्यात गेल्या. आता आई म्हणते अन् मी थेट मशीनवर घेतो. मधे कागद नाहीच. गुरुजींनी घरी लिहून घेऊन पाहिलं होतं, पण ते मधेच शुद्ध करायला लागतात आणि आई गप्प होते.
माझ्या कानावर तिचा भरवसा. तरी आज पकडलंच. वाचून दाखवताना 'नाही' आलं. "म्या काय म्हणलं? न्हाई म्हणलं. मंग न्हाई लिव की." कचेरीबाहेर अर्ज टाइप करण्यात उमर गेली, साहेबाची भाषा बोटांत बसली आहे.
आज शेवटचं गाणं झालं. पुस्तक भीमजयंतीला काढायचं. म्हटलं, आई, नव्या अक्षरात काढू. "आक्षर मोठं ठिव बाबा. मला वाचता येत न्हाई, पर दिसलं तर पायजे."

८ नोव्हें.
नवं चढवलं. आधी गाण्यांच्या दोन फ्लॉप्या काढल्या, एक घरी, एक दुकानात. नव्याला वेगळी जागा, वेगळं नाव. जुन्या प्रोग्रामाच्या मूळ फ्लॉप्या पत्र्याच्या डब्यात आहेतच. मधे इंग्रजीत काहीतरी विचारलं. वाय दाबला. मशीननं काहीही विचारलं की मी वाय दाबतो. आजवर बिघडलं नव्हतं.
छापून पाहिलं. अक्षर म्हणजे मोती. सौ.ला दाखवलं. "छान हाय. जुनं उघडून पाह्यलं का पण?"
उद्या पाहू.

९ नोव्हें.
जुनं गेलं. म्हणजे उघडतं, पण नव्यानं आपली अक्षरं जुन्याच्या अक्षरांवर ओतली. तेच विचारत होतं, अन् मी हो म्हटलं. गाण्यांच्या जागी पडद्यावर नुसते बाण, चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह. नव्यातून उघडली तरी तेच. गाणी दोन्ही फ्लॉप्यांवर शाबूत, वाचणारं कुणी नाही.
डबा काढला. मूळ फ्लॉप्यांवर हळदकुंकू. दसऱ्याला मशीनची पूजा केली, तेव्हा सौ. मशीनला बोट लावून थांबली होती. मीच म्हटलं, खरी विद्या ह्या फ्लॉप्यांत आहे, त्यांना लाव. तिनं लावलं, नेमकं मधल्या उघड्या फटीवर, जिथं आतली तबकडी दिसते. ड्राइव्हमधे घातली तर कुंकू भरडल्याचा आवाज. पुसायला गेलो तर आणखी पसरलं.
सौ. रडायला लागली. म्हटलं, तुझं काय चुकलं, पूजा सांगणारा मी.
रऊफभाईकडं हाच जुना प्रोग्राम आहे. पण त्याला विचारायचं? हॉटेलात तेवढं बोलल्यावर?

११ नोव्हें.
गुरुजी प्रूफ न्यायला आले. आईला बाकावर बसवलं. मी त्यांना दाराबाहेर नेऊन सगळं सांगितलं. गुरुजींनी आत बाकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "दत्तराव, आईला सांगू नका. एकदा जळालेलं तिनं पाहिलंय."
आतून आवाज: "म्या बहिरी न्हाई."
दोघंही शाळेतल्या पोरांसारखे आत गेलो. आई म्हणाली, "ह्यात आग बिग लागली का?" नाही म्हटलं. "मानूस मेलं का?" नाही. "मंग त्वांड कशाला पाडलं? बस. पुन्ना म्हणते."
तिथंच सुरू झाली. मी नव्यात घेतलं.
पण... लिहायचं कसं. शब्द तेच नाहीत. आधी होतं, 'शाळंच्या दारी उभा लेक माझा, आत घ्या गुरुजी.' आज म्हणाली, 'शाळंच्या आत बसला लेक माझा, दार उघडं ठिवा गुरुजी.' माझा कान चुकत नाही. जसं आलं तसं घेतलं.
गुरुजींच्याही ध्यानात आलं. "आई, बाबांचं असं नव्हतं."
"तवा तू दारात व्हतास. आता मास्तर झालास की."
"पण गाणं बाबांचं आहे."
"तुझे बाबा काय एकच म्हणायचे व्हय? पालमला एक, जिंतूरला एक. मानसं बघून फिरवायचे. तू पाळण्यात व्हतास, तुला काय ठावं."
गुरुजी उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

१६ नोव्हें.
दिवाळी अशीतशीच. सौ. म्हणाली, "बोलायला जीभ व्हती, इचारायला न्हाई का?" गेलो.
रऊफभाई मशीनवरून उठलाही नाही. "क्या दत्तूभाई, आज सामने की दुकान दिखी?" मग सगळं ऐकून घेतलं. हळदकुंकवाचं ऐकून पोट धरून हसला. हसता हसता थांबला. "बूढी माँ के गाने हइ क्या उसमें? हौ, लेके आव फ्लॉपी."
लावली. पहिलंच गाणं अक्षर न् अक्षर उभं राहिलं. माझे डोळे भरले, त्यानं पाहिलं आणि चहा सांगितला.
त्याचा प्रोग्राम माझ्याकडं चढवावा म्हटलं तर जमत नाही. त्याच्या फ्लॉप्या एकाच मशीनवर चालतात, त्याच्याच; कंपनीचं कुलूप. सगळी गाणी त्याच्याकडंच छापून घेतली. पैसे विचारले तर म्हणाला, "पाहुण्यांच्या पत्रिकेत निघाले की."

१९ नोव्हें.
गुरुजींना जुन्या गाण्यांचे कागद दिले. छातीशी धरले. "हेच छापायचं, दत्तराव. हे बाबांचं."
आई पुन्हा म्हणायची राहिलेली गाणी सांगायला बसली होतीच. खोकला आहे. मधेच थांबते, पाणी पिते. आज एक गाणं तर आधी कधीच म्हटलं नव्हतं. विचारलं, हे कुणाचं? "त्यांचंच. न्हाई तर माझं. आता काय फरक?"

७ डिसें.
काल सहा डिसेंबर, दोघंही महापरिनिर्वाण दिनाच्या कार्यक्रमाला गेले होते. आई तिथं गायली म्हणे, खोकत खोकत. कोणतं गायली, विचारलं. गुरुजी हळूच म्हणाले, "आत बसलेलं."
पुस्तकात कोणतं घ्यायचं? गुरुजी म्हणतात आई म्हणेल ते. आईला विचारलं तर, "त्याला इचार, शिकलेला हाय." दोघंही माझ्याकडं बघतात. मी म्हटलं, दोन्ही छापू, समोरासमोर, डावीकडं तेव्हाचं, उजवीकडं आताचं. गुरुजी विचार करतो म्हणाले. आई झोपली होती बाकावर, किंवा डोळे मिटून ऐकत होती.
नव्याची मुदत उद्या संपते. आईनं सांगितलेलं सगळं आज कागदावर छापून घेतलं. जुन्या प्रोग्रामाच्या मूळ फ्लॉप्या बदलून द्या म्हणून त्याच्या कंपनीला पत्र टाकलंय, उत्तर नाही.
जुनं रऊफभाईच्या मशीनवर चालतं, नवं माझ्या. एका मशीनवर दोन्ही एक दिवसही चालली नाहीत.