दुसरी ओवी

१२ जुलै ९८, रवि.
शाळेला सुट्टी. तुळसाताईंची भाकर पोचवायला बांधावर गेले, आणि पदर खोचून चिखलात उतरलेच. माझी, शिक्षिकाबाईंची, कंबर तासाभरात मोडली. माझी ही मोठी जाऊ मात्र सकाळपासून वाकलेली, वर गाणं चालूच. त्या एक ओळ टाकतात, बाकीच्या बाया झेलतात. भातरोपांची आवणी अशीच पुढे सरकते.

दुपारी शेताची मालकीण पाणी घेऊन आली. बाकीच्यांच्या हातात तांब्या दिला. आमच्या वाडीच्या बायांच्या ओंजळीत वरून ओतलं. सन ९८! मी तशीच उभी राहिले, प्याले नाही. ताई प्यायल्या, तोंड पुसलं आणि तिथल्या तिथे ओवी रचली –

वरून वतलं पानी, वंजळ माझी खाली,
तुझ्या शेताला गो बाये, हिरवी साडी मीच केली.

साऱ्या बायांनी झेलली. मालकीण म्हणाली, "गोड गातेस गो." तिला कळलं की नाही, देव जाणे. (देव सोडले, म्हण सुटत नाही.) माझं काळीज सुपाएवढं झालं. एवढे कवी वाचले, उभ्या उभ्या असं कुणाला सुचेल?

२ ऑगस्ट, रवि.
काल मोठ्या भाऊजींचा, ताईंच्या नवऱ्याचा, पगार झाला. पगार म्हणजे बाटली, बाटली म्हणजे ताईंची पाठ. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. ह्यांना म्हटलं, तुमचा सख्खा भाऊ आहे, बोला. हे कूस बदलून झोपले.

आज आवणीचा शेवट. ताई नेहमीसारख्या पुढे. अर्धं शेत लावून झालं. मग –

वंजळ टाकली मी मागं, घरी भरला माझा माठ,
घरच्या हातानं गो बाये, का सुजावी माझी पाठ?

कोणी झेलेना. प्रत्येकीला आपापली पाठ आठवली असणार. मग वाडीतल्या बायजाआजीने झेलली, आणि मग सगळ्यांनी. दिवसभर तीच चालली. मी रडले. पाऊस होता, खपून गेलं.

२२ नोव्हें., रवि.
शहापूरला साहित्याचा कार्यक्रम. दोन एस्ट्या बदलून गेले. पाहुणे विद्वान, बोलले मनापासून. म्हणाले, आपल्या बायका अजून बोलत्या व्हायच्या आहेत. अहो, बोलतायत! गुडघाभर चिखलात येऊन ऐका.

घरी येऊन ताईंना सांगितलं, तुमचं गाणं ह्या लोकांनी ऐकायला हवं. म्हणाल्या, "त्ये गानं कसलं गो, कंबर दुकू नये म्हनून."

२१ मार्च ९९, रवि.
विहारात जयंतीची बैठक. मो. भाऊजी स्वतःच उठून म्हणाले, "आमच्या घरातली गाईल. मालकिनीला सुनावली ती ओवी." छाती फुगलेली. बरं वाटलं, खोटं का बोलू. पिऊन नसले की माणूस वाईट नाही.

तेवढ्यात मागून कोणीतरी, "तिची दुसरी पन हाय ना?" भाऊजींना ठाऊक होती म्हणजे. मान खाली.
जयंती कमिटीचा सेक्रेटरी म्हणाला, "पयलीच म्हनायची. झाकली मूठ सव्वा लाखाची."
मी उठले. "मालकिणीच्या शेतातलं माइकवर चालतं, आपल्या घरातलं नाही?"
"मास्तरीन, बसा तुमी."
बसले. झाकल्या मुठीचं एवढं कौतुक. ती पाठीवर बसते तेव्हा हे कुठे असतात?
वाटेत हे हळूच म्हणाले, "बरोबर बोललीस." आठ महिन्यांनी का होईना.

१३ एप्रिल
ताई पांढऱ्या साडीला निरमा लावत होत्या. विचारलं, दुसरी म्हणणार?
"बघू गो. तुला पगार हाय, तू बोलशील. मला घराभायर काडलं तं जाऊ कुटं? म्हायेरी म्हशाला भाऊ हाय, पन त्याचं दार आता भावजयीचं."
आग्रह करायचा नाही असं ठरवलंय. पाठ त्यांची आहे.

१४ एप्रिल
खूप रात्र झालीय. तरी लिहिते.

ताई स्टेजवर. मो. भाऊजी पहिल्या रांगेत, निळा फेटा. पहिली ओवी झाली. टाळ्या, शिट्ट्या. भाऊजी उठून टाळ्या वाजवतायत. ताई खाली उतरेनात. भाऊजींकडे बघितलं, डोळे मिटले –

वंजळ टाकली मी मागं, घरी भरला माझा माठ –

माइक गेला. सेक्रेटरीने वायर ओढलेली, मी डोळ्यांनी पाहिलं. ताईंचे ओठ हलतायत, लेझीमवाल्या पोरांच्या गलक्यात काही ऐकू येईना.

मग मागून बायजाआजी, बसल्या जागेवरून. घरच्या हातानं गो बाये... आणि मग आमची बायांची सगळी बाजू. आवणीत होत्या त्या, नव्हत्या त्याही. ताई ओळ टाकायच्या आधीच आम्ही झेलली! ह्या शहाण्यांना वाटलं, आवाज वायरीतून येतो.

मीही गात होते. एवढ्या मोठ्याने आयुष्यात गायले नव्हते. अशा बाईची मी धाकटी जाऊ.

मो. भाऊजी कधी उठून गेले, दिसलं नाही.

१५ एप्रिल, संध्याकाळ
कालपासून भाऊजी कोणाशी बोललेले नाहीत. प्यायलेलेही नाहीत. ओट्यावर बसून आहेत. ताईंनी सकाळी तांब्या भरून पुढे ठेवला, भाऊजींनी त्याला हात लावला नाही. ताईंनी बोचकं बांधून दाराआड ठेवलंय. मला दाखवलं. "निघ म्हनले तं निघायचं." मी म्हटलं, माझं दार आहे. हे शेजारीच होते. म्हणाले, "हाय."

आत्ता भाऊजी उठले. माठाशी गेले. ह्या घरात आल्यापासून त्यांना स्वतःच्या हाताने पाणी घेताना पहिल्यांदा बघितलं. प्याले. तांब्या परत भरला. उंबऱ्याशी ताई तांदूळ निवडत बसल्यात, त्यांच्यापुढे नेला. हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि बाजूला बसले.

ताईंनी अजून उचललेला नाही. मी खिडकीतून बघतेय.