रिकाम्या टाकीचे भागीदार

४ ऑगस्ट, सोमवार

टाकी गेली.

साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं, पंपघरामागची जुनी टाकी आता मुलांना द्यायची. शाळा, वाचनालय, रंगांचा कारखाना आणि आमचं पाणीखातं अशी चौघांची भागीदारी. मुलांना विज्ञान शिकवणार आणि कलाही शिकवणार, दोन्ही एकाच जागी. टाकीच्या घुमटाला आतून रात्रीचं आकाश रंगवायचं, त्यात तारे पेटवायचे. नाव ठरलंय – आकाशघर.

मी विचारलं, आकाशच दाखवायचं तर पोरांना बाहेर उभं केलं की भागणार नाही का? साहेब म्हणाले, "म्हणूनच खात्यातर्फे बैठकांना तुम्ही जायचं. तुम्हाला प्रश्न पडतात."

भिंतीला तडा गेला म्हणून ती टाकी रिकामी केली, त्याला किती वर्षं झाली. किल्ली माझ्याकडे राहिली ती राहिलीच. इतक्या वर्षांत कोणी फिरकलं नाही. आता सगळ्यांना एकदम पुळका. आयत्या बिळावर नागोबा!

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, पोरं गल्लीत बोंबलत हिंडतात ती तरी एका जागी बसतील.

५ ऑगस्ट, मंगळवार

इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतंय.

मी पहाटे घर सोडतो ते मोटर चालू करायला, असं हिला वाटतं. मोटर नंतर. आधी टाकी. झाकण उचलायचं, लोखंडी शिडीनं खाली उतरायचं, मधोमध उभं राहायचं आणि गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलेली प्रार्थना म्हणायची. एक ओळ म्हणून थांबायचं. टाकी ती ओळ घेते, भिंतीभिंतीनं फिरवते, वर घुमटात नेते. पार विरली की मग पुढची. घाई केली की दोन ओळींचा चिखल होतो. थांबलं, तर वाटतं कोणीतरी ऐकून घेतलं, हातात धरून पाहिलं आणि परत दिलं.

देवळात मला असं कधी झालं नाही. तिथे माणसं फार.

माझा आवाज चांगला नाही. हिच्यासमोर मी साधं गुणगुणलोही नाही कधी. टाकी कोणाला सांगत नाही म्हणून तिथे जमतं.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिली बैठक वाचनालयात. आल्या आल्या छातीला नावाची चिठ्ठी लावली. माझ्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसतं 'पाणी'.

वाचनालयाच्या बाई अध्यक्ष. चष्मा कपाळावर, आणि शोधतात टेबलावर. कारखान्याचा साहेब दर वाक्याची सुरुवात 'आमच्या कारखान्यातर्फे' अशी करतो. पंखा लावा म्हणतानाही केली. चित्रकार पायांत काही घालत नाही, म्हणे जमिनीशी नातं राहतं. त्याच्या टाचा पाहून जमिनीनंच नातं तोडलं असेल. चौथी शाळेची विज्ञानबाई. बारीक, हळू बोलते, मध्येच पट्टी काढून टेबल मोजते. टेबल कशाला मोजायचं? टेबलच आहे ते.

सगळा वेळ दारावरच्या फलकात गेला. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, अक्षरं केवढी. शेवटी वाचनालयाच्या बाईंच्या लक्षात आलं की फलकावर 'मुलं' हा शब्दच नाही. मग तो कुठे बसवायचा यावर चहा संपेपर्यंत चर्चा. सतरा सुगरणी आणि स्वयंपाक अळणी.

१६ ऑगस्ट, शनिवार

कारखान्याच्या माणसांनी टाकीच्या भिंतीला दार कापलं आणि वरचं झाकण कायमचं बंद करून टाकलं. शिडी आत तशीच आहे, आता कुठेच जात नाही. दाराला माझंच जुनं कुलूप लावलं, म्हणजे किल्ली अजून माझ्याकडे.

मग सगळी वरात आत गेली. पोरं शिरताच किंचाळली. मोठी माणसं त्यांना गप्प करायला ओरडली. त्या गोंधळात कारखान्याच्या साहेबानं भाषण केलं. एक शब्द कळला नाही. बाहेरही कळत नाही, त्यामुळे विशेष फरक पडला नाही. संपल्यावर टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या विरता विरेनात. साहेबाला वाटलं लोक थांबतच नाहीयेत. वाकून वाकून नमस्कार करत राहिला!

गल्लीतल्या शिंप्याची मुलगी सगळ्यांत मोठ्यानं ओरडते. पोरं तिला भोंगा म्हणतात, आणि ती ओ देते. ती माझ्याजवळ आली. "काका, आवाज मग जातो कुठे?"

मी म्हटलं, बाईंना विचार, त्यासाठीच आणल्यात.

ती म्हणाली, "त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तूच शोध."

घ्या. हे यांचं शिकवणं. आमचे मास्तर उत्तर द्यायचे, आणि दिलेलं विसरलं तर छडीही द्यायचे.

१७ ऑगस्ट, रविवार

पहाटे गेलो. दारातून. शिडीनं उतरताना मन आपोआप शांत व्हायचं, तसं दारातून होत नाही. तरी म्हटली.

२३ ऑगस्ट, शनिवार

चित्रकारानं घुमट निळा करायला घेतलाय. पोरं कोपरापर्यंत निळी. एकाचं नाक निळं, तो आईला सांगत होता की विज्ञान शिकत होतो.

विज्ञानबाईंचं निराळंच. दोन लाकडी ठोकळे आपटायचे आणि आवाज संपेपर्यंत पोरांनी भिंतीवर खडूनं रेघ ओढत न्यायची. आवाज मोठा तिथे रेघ जाड, बारीक होईल तशी बारीक. चित्रकार नाचायलाच लागला, म्हणे याच रेघा ठेवू, हेच आकाशातले ढग. म्हणजे आता आवाजाची चित्रं! उद्या वासाची गाणी करतील.

पोरं मात्र ओरडायची थांबतात. रेघ पुरी होईपर्यंत श्वास धरून उभी असतात. भोंगासुद्धा.

शिडीच्या मागे एक काळी डबी चिकटवून गेलेत. असेल ताऱ्यांच्या दिव्यांची.

३० ऑगस्ट, शनिवार

आज बैठकीत कारखान्याच्या साहेबानं घोडं दामटलं. लोक बघायला येणार, त्यांना माहिती सांगावी लागणार, आणि आत बोललेलं तर काही कळत नाही. तेव्हा आमच्या कारखान्यातर्फे सगळ्या भिंतींना जाड स्पंज लावून देतो. आवाज घुमणं बंद. खालच्या कडेला कारखान्याचं नाव, अगदी लहान.

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, छान. चित्रकारानं फक्त रंग कोणता ते विचारलं. विज्ञानबाई म्हणाल्या, मुलांची मोजणी चाललीय, ती होऊ द्या, मग ठरवू. बारा तारखेच्या बैठकीत ठरवायचं असं झालं.

टाकी मुकी करणार.

मला विचारलं, पाणीखात्याची हरकत नाही ना? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. काय सांगणार होतो? की मी इथे पहाटे गातो? हसले असते. किंवा नसतेच हसले, टाळ्या वाजवल्या असत्या आणि फलकावर माझं नाव कुठे घालायचं ते बोलत बसले असते. ते जास्त वाईट.

३ सप्टेंबर, बुधवार

ताटावरून तसाच उठलो. ही म्हणाली, "तोंड का उतरलंय? टाकी तुमच्या बापाची होती का?"

मी म्हटलं, त्या लोकांना अक्कल नाही. मग एकेकाचं सांगितलं – टाचा, पंखा, फलक, स्पंज. ही भांडी आवरत ऐकत होती. मग म्हणाली, "मला ऐकवता तेवढं तिथे ऐकवा की. घरात वाघ नि बैठकीत पाणी."

त्या चिठ्ठीचं हिला सांगायलाच नको होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

स्पंजाचे गठ्ठे आले. पंपघराच्या ओट्यावर उतरवून घेतले. मीच सही केली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

विज्ञानबाई पोरांना बैठकीला घेऊन आल्या. कारखान्याचा साहेब घड्याळ बघत होता. बाई म्हणाल्या, मुलांनी आवाजाचं जे काम केलंय ते आधी ऐका, मग स्पंजाचं ठरवा. मग स्वतः मागे जाऊन बसल्या आणि भोंगाला पुढे ढकललं.

तिनं आवाज ऐकवायची एक पेटी टेबलावर ठेवली. आधी वर्गातला ठोकळ्यांचा आवाज ऐकवला – टक्, संपला. मग टाकीतला. मग म्हणाली, टाकीत कोणीच नसताना किती शांत असतं ते बघायला आम्ही शिडीमागे आवाज टिपणारी डबी लावून ठेवली होती. पण ती शांत नव्हती.

आणि माझा आवाज आला.

'दिवा तुझा, वात तुझी, जळणं तेवढं माझं.'

मी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा वाटतो आवाज. थोडा फाटलेला. ओळ संपली आणि टाकीनं ती फिरवायला घेतली. त्या खोलीत कोणी हललं नाही. विरली. मग दुसरी. मी खाली, माझ्याच चपलांकडे बघत होतो. वर पाहिलं तेव्हा चित्रकार बाहीनं नाक पुसत होता.

भोंगा म्हणाली, "हा माणूस थांबतो. आपण थांबत नाही, म्हणून आपलं कळत नाही. स्पंज लावला तर थांबायचं कोणाला कळणारच नाही."

विज्ञानबाईंनी त्यात एक शब्द घातला नाही. त्यांचं ते 'तूच शोध' मला तेव्हा कळलं. उशिराच.

कारखान्याचा साहेब म्हणाला, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. मग त्यानं "आमच्या कारखान्यातर्फे" एवढं म्हटलं आणि पुढे काही बोललाच नाही. वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, स्पंज परत पाठवायचा ना? त्यानं मान हलवली.

इथवर ठीक होतं. इथे मी उठून चहा घ्यायला गेलो असतो तर बरं. पण वाचनालयाच्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पंपघर तुमच्याकडे असतं. तुम्हाला माहीत असेल. कोण आहेत हे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. कुलूप जुनं आहे. शिरत असेल कोणीतरी."

भोंगानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

बाई म्हणाल्या, मग मुलांच्या दृष्टीनं ते बरं नाही. नवं कुलूप लावू. किल्ली शाळेकडे.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवं कुलूप लागलं. पितळी आहे, चकचकीत. जुनी किल्ली कोणी परत मागितली नाही. कशाची मागणार?

टाकीचा आवाज वाचला. वाचवला कोणी? शिंप्याच्या पोरीनं, आणि टेबल मोजणाऱ्या त्या बाईंनी. मी काय केलं? महिनाभर एकेकाच्या टाचा नि चष्मे मोजले. ज्यांना मी इथे शिव्या घातल्या त्यांच्यापैकी एकानंही माझ्यासारखं खोटं सांगितलं नाही.

रोज म्हणायचो, जळणं तेवढं माझं. चार माणसांनी वळून पाहिलं तर तेवढंही माझं म्हणवेना.

१४ सप्टेंबर, रविवार

पहाटे थेट पंपघरात गेलो. मोटर चालू केली. मोटरच्या आवाजात प्रार्थना म्हणून पाहिली. पहिल्या ओळीपुढे गेली नाही.

घरी आल्यावर हिनं विचारलं, आज लवकर कसे?

१५ सप्टेंबर, सोमवार

पाय सवयीनं मागच्या बाजूला वळले. दाराला कुलूप नव्हतं. आतून ओढून घेतलेलं, फटीतून उजेड. कोपऱ्यात स्टुलावर विज्ञानबाई शाल गुंडाळून बसलेल्या दिसल्या. मधोमध पोरं, आणि पुढे भोंगा.

त्यांनी पहिली ओळ म्हटली. सगळ्यांनी मिळून. सूर बरा होता. मग थांबली. टाकीनं फिरवली, वर नेली. पूर्ण विरली.

दुसरी कोणी म्हणेना. डबीत सगळी प्रार्थना आहे, त्यांना ती येते. तरी कोणी म्हणेना. भोंगा दाराकडे तोंड करून उभी होती.

दुसरी मी म्हटली. बाहेरून.