हळकुंडाचा डबा

आई, आज दुपारी आपल्या हृदयरोग वॉर्डात एक कागद फिरला. मोठ्या तपासण्या आणि ऑपरेशनं पुण्याला हलवायची, इथं सोलापुरात नुसती ओपीडी ठेवायची, असा प्रस्ताव आहे. आम्हा सिस्टरांनी तिकडं जायची तयारी आहे का ते लिहून द्यायचं होतं. तू याच वॉर्डात आया म्हणून जन्म काढलास, तेव्हा हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मी नवीन सिस्टर झाले तो आठवडा डोळ्यांपुढून जात नाही. मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणारी एक बाई. ऑपरेशनला न्यायची होती आणि मंगळसूत्र काढू देत नव्हती. मी तिच्यावर खेकसले. तू मला सगळ्यांदेखत दंडाला धरून बाजूला केलंस. "काळीज दावायला आलीया ती. गळा उघडा करायला न्हाय," म्हणालीस. मग कपाटातला पत्र्याचा डबा काढलास, मंगळसूत्र उतरवलं की त्याऐवजी गळ्यात बांधायच्या, पिवळ्या दोऱ्यांत ओवलेल्या हळकुंडांचा. तू विधवा, म्हणून स्वतः बांधायची नाहीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईला उठवलंस. ती हळकुंड बांधते, दोघी एकमेकींची गावं विचारतात, आणि मघाशी अडून बसलेली बाई मुकाट स्ट्रेचरवर आडवी होते. मी कोपऱ्यात तोंड फुगवून उभी आहे. पुढं आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

तू गेल्यापासून तो डबा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. पुण्याची कुणकुण आधीच लागली होती, म्हणून आज सकाळीच मोहोळच्या एका म्हातारीला सहज विचारलं, पुण्याला पाठवलं तर जाल ना? ती म्हणाली, "पुन्यात माजं कोन हाय? हितं शेजारीण तरी आपल्याकडची घावती की." मी हसून तिची उशी सारखी केली.

तुझी फार आठवण येते गं. मायेची येते तशी तुझ्या रागाचीही येते. कागद हातात आल्यावर मी उगाच दाराकडं बघत राहिले, तू येशील आणि दंडाला धरशील म्हणून. मग 'तयारी आहे' असं लिहिलं. लेक पुण्यात आहे, तिचं घर जवळ पडेल, हे काही खोटं नाही. पण खाली 'काही म्हणायचे असल्यास' म्हणून चार ओळींची जागा होती. म्हातारीचं बोलणं तिथं सहज मावलं असतं. ती जागा मी कोरी सोडली, आई.