ठमीची मान आणि माझं तोंड

मंगळवार, ३ सप्टेंबर

ठमीला पिसवा झाल्यात. सगळं घर खाजवतंय! पोळ्याआधी बैलांना लावलेलं गोचिडाचं औषध उरलं होतं, तेच तिच्या मानेला चोळलं. हे म्हणाले, "अगं, पाणी तरी घाल त्यात." कशाला? बैलाला चालतं, मग मांजरीला का नाही चालणार!

बुधवार, ४ सप्टेंबर

जीव जळतोय नुसता. ठमी शेजारच्या साळूबाईच्या भिंतीवरून आली — ओलीचिंब, थरथरत, मान लालभडक. हात लावला तर केसांचा पुंजका हातात. परवाच हिनं साळूबाईचं दूध सांडलं होतं. म्हणजे कढत पाणी टाकलं बाईनं!

अंगणात उभी राहून ओरडले, "मुक्या जनावराला भाजणाऱ्याचे हात झडतील!" गल्ली जमा झाली. साळूबाई दारात आली. "अगं मीना, आइक तं... तिच्या मानंला..." ऐकतंय कोण! धाडकन दार लावून घेतलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मान चिघळली म्हणून भोकरदनला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बघितलं, वास घेतला. "हे भाजलेलं नाही. काय लावलं होतं?"

हे म्हणाले, "गोचिडाचं औषध."

"पाणी न घालता? मांजरीला? अहो ताई, कातडी उतरणारच! चाटलं असतं तर जीवही गेला असता. धुतलंय म्हणून वाचली. कुणी धुतलं?"

ते सोडून मी म्हणाले, "दुकानदारानं सांगितलं होतं, मांजरीलाबी चालतं." धडधडीत खोटं! ह्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

आणि त्या दिवशी ठमीच्या अंगाला साबणाचा वास येत होता. आला होता मला. कढत पाण्याला साबणाचा वास येत नाही, एवढं कळत नव्हतं का? कळून घ्यायचंच नव्हतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीला साळूबाई आली नाही. का येईल?

रविवार, ८ सप्टेंबर

ती नळावर दिसली की मी घागर घेऊन परत फिरते. गल्लीसमोर शिव्या द्यायला जीभ लांब होती, माफी मागायला कुठं गेली? लाज वाटते. आरशात बघायचीसुद्धा.

सोमवार, ९ सप्टेंबर

उद्या महालक्ष्म्या येणार. परवाच्या जेवणाचं पुरण दरवर्षी साळूबाईच्या हातचं असतं. हे म्हणाले, "तू जाती का मी जाऊ?"

ठमीच्या मानेवर खपली धरलीय. माझ्याच मांडीवर येऊन झोपते, वेडी.

मंगळवार, १० सप्टेंबर

गेले. साळूबाई ओट्यावर बसली होती. म्हणाले, "चुकलं माझं. उद्या पुरणाला ये."

"येते की. पर पुरण यंदा तूच वाट." पदराखालून हात काढले. दोन्ही तळव्यांची साल निघालेली, बोटांना भेगा. "कुणाला दावलं न्हाई. म्हणलं, मीनाचा बोल लागला."

"बोल नाही गं, औषध! ठमीला धुताना लागलं. माझ्याच हातानं चोळलेलं."

तिनं हात परत पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मंग ठमीनं चाटलं तं न्हाई ना?"